दहा मिनिटांचा चोर

— न्हाई न्हाई, ती खुर्ची नको, हिकडं बसा. हितनं दारबी दिसतं आन स्क्रीनबी दिसती, म्हणून गेला महिनाभर म्या माजी खुर्ची हितंच मांडलीया. दार उघडंच ऱ्हाऊ द्या. बंद केलं की बाहेरचं पाऊल ऐकू येत न्हाई. आन ती पिशवी टेबलावर नको, खाली ठेवा — तसं न्हाई, तुमच्यावर संशय हाय असं न्हाई, पण तुमी पुण्यासनं आलो म्हणता, कंपनीनं धाडलं म्हणता, आन माज्या साध्या पत्रापायी कोण पुण्यासनं भाटघरला येतं व्हय? कार्ड दाखवलंत, बगितलं म्या. फोटोत दाढी हाय, तोंडाला न्हाई. असू दे, दाढी काय, काढता येती. चहा घेणार? न्हाई? पाणी तरी? तेबी न्हाई. आमच्याच योजनेचं पाणी हाय, त्यात काय कालवलेलं न्हाई. बरं, नका घेऊ.

पत्र माजंच. रोहिदास, पंप ऑपरेटर, नऊ वाड्यांची पाणी योजना — खालची सहीबी माजीच. जरा वाकडी आलीया, डोळ्याचं आपरेशन झालेलं, तवा अजून नीट दिसत नव्हतं. न्हाई, तुमी बरोबर वाचलंत. 'बंद' न्हाई लिवलेलं, 'चालू' लिवलंय. रोज दुपारी माज्या परवानगीबिगर कुणीतरी हितली मशीनं चालू करतं. हसू नका, साहेब. कमिटीतबी हसली लोकं. कुंडलिक आप्पा, आमचे अध्यक्ष, ते म्हणले, रोहिदास, चोर घेऊन जातो रं, करून ठेवून जात न्हाई. मी म्हणलं, आप्पा, तुमी रानात गेल्यावर तुमच्या चुलीत कुणी जाळ घालून जात असंल, तर तुमी त्याचं कौतुक करत बसाल का कुलूप घ्याल?

तुमाला सगळं ठावं असंल, पण माज्या तोंडनं ऐका. हा काँप्युटरचा डबा दिसायला एकच हाय, पण ह्याच्या पोटात दोन मशीनं हाईत. नुसती प्रोग्रामची, हाताला लागत न्हाईत, पण हाईत — तुमच्यातलाच एक साहेब तीन वर्सांमागं मांडून गेला. डबा लिनक्सचा, आन आत एक जुनी आन एक नवी. जुनीत व्हॉल्व्हचा प्रोग्राम, तो दुसऱ्या कशात चालतच न्हाई. कुठल्या वाडीचा व्हॉल्व्ह कवा उघडायचा, किती येळ, ते सगळं तिच्या डोक्यात. नवी लोकांच्या मोबाईलवर निरोप धाडती, अमक्या वाडीला पाच वाजता पाणी, तमक्या वाडीला सहाला. आन रोज दुपारी एकच्या ठोक्याला हा डबा दोगींना झोपवतो आन त्यांची नक्कल काढून त्या बाजूच्या छोट्या डबीत ठेवतो. बॅकप म्हणत्यात तुमी. आदीचा काँप्युटर विजेनं जळाला तवा नक्कल नव्हती, अकरा दिवस नऊ वाड्या कोरड्या, म्हणून हे आलं. एकलाच का, तर सकाळचं पाणी दहाला आटपतं, वरच्या टाक्यांना तीनला चढवायचं असतं, मधी डबा मोकळा. वीस मिनिटांत नक्कल व्हती. आता झोपवायचं काम डब्याचं, पण उठवायचं काम माजं. त्या साहेबानं वहीत लिवून दिलं — आदी जुनी, ती पुरती जागी झाली, तिनं उत्तर दिलं, की मंग नवी. उलटं केलं तर नवी तिला हाका मारत बसती आन दोगी अडकत्यात. तीन वर्सं म्या उठवलं. एक दिवस खाडा न्हाई. पोराच्या लग्नात अक्षता टाकल्या, तसाच मोटरसायकलवर बसून हितं आलो, दोगींना उठवलं, मंग परत जाऊन जेवलो. लोकं म्हणायची, रोहिदास न्हाई तर पाणी न्हाई. मला ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

किती वाजले? एकला सात कमी. तुमी येळेवर आलात, आता डोळ्यानंच बगाल.

तर शिमगा झाल्यावर माज्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणले, आठ दिवस काँप्युटरपुढं बसायचं न्हाई. आता उठवणार कोण? पोरगा माऊली शिरवळला कंपनीत, त्याची पाळी असती, त्याला येळ न्हाई. मंग ऱ्हायली सून. धनश्री. भोरच्या कॉलेजात काँप्युटरचंच शिकलीया ती. म्या वही दिली, पासवर्ड दिला — व्हय, पासवर्ड मीच दिला, त्या कॅलेंडरच्या मागं लिवलाय, तुमी तिकडं बगू नका. आठ दिवस तिनं केलं. एक वाडी कोरडी न्हाई ऱ्हायली. नवव्या दिवशी मी कामावर यायचो, तर आदल्या सांजच्याला ताटात भाकरी वाढताना म्हणती, "मामंजी, आता एक वाजता तुमी तितं बसायची गरज न्हाई." ऐकलंत? गरज न्हाई. तीन वर्सं हितं बसलेला माणूस, आन आठ दिवसांत गरज न्हाई. म्या ताट बाजूला सारलं. ती म्हणली, मामंजी, पुढचं ऐकून तरी घ्या. मी म्हणलं, ऐकलं, पुरतं ऐकलं. त्यापुढं तिनं दोनचार डाव तोंड उघडलं, म्या दरखेपी उठून अंगणात. बायको म्हणली, पोरीचं ऐकून घ्या की. पारूबाईचं काय, तिला सगळीच गोड. तुमीच सांगा, तुमच्या जागेवर बसून कुणी तुमालाच म्हणालं, तुमची गरज न्हाई, तर तुमी कारण विचारत बसाल व्हय?

हां, वाजला एक. बगा. जुनी गेली... नवी गेली. दोगी बंद. आता ती निळी पट्टी सरकत ऱ्हाईल, ती नक्कल. तुमी काय लिवताय त्यात? माजं बोलणं? न्हाई म्हणता, पण बोटं तर चाललीत. आन ते काळं-काळं काय उघडलंत? फाइल बगताय. बगा, बगा.

तर कामावर आलो. पहिल्याच दिवशी नक्कल झाली आन मी जरा तोंडावर पाणी मारायला भाईर गेलो, येतो तर दोगी जाग्या. माजा हात लागला नव्हता. म्हणलं, कोण येऊन गेलं? भाईर कुत्रं न्हाई. दुसऱ्या दिवशी कडीला काळा दोरा बांधला आन त्या आंब्याखाली जाऊन बसलो. दोरा जसाच्या तसा, आन आत दोगी जाग्या. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर पीठ पसरलं. पीठ तसंच — आता मुंगळे आले ते सोडा. मंग चौथ्या दिवशी ठरवलं, आता हितंच बसायचं, हाताची घडी घालून, डोळा न हलवता. नक्कल झाली एक वीसला. मी बसलोय. एक पंचवीस. बसलोय. आन एक तीसला, साहेब, नेमकं एक तीसला, माज्या डोळ्यांदेखत जुनी उठली. ती उठली, तिनं उत्तर दिलं, मंग नवी. वहीतल्याच क्रमानं. रोज तसंच — वीसला नक्कल, मंग दहा मिनिटं सामसूम, मंग उठती. ती दहा मिनिटं कशाची? मी रोज तोच विचार करतो. दहा मिनिटं कुणीतरी वाट बगतं. मी जातो का, बसतो, काय करतो, ते कुठनं तरी बगत असतंय.

काय? मी उठवून बगितलं का त्या दहा मिनिटांत? न्हाई बा. मी हात लावला तर चोर कसा सापडायचा? म्या महिनाभर किबोर्डला बोट लावलेलं न्हाई. तुमी असं का बगताय माज्याकडं?

मंग डोक्यात आलं, मोबाईल. ही लोकं आता मोबाईलवरनं सगळं करत्यात, घरी बसून मोटार चालू करत्यात. दुपारी धनश्री जेवणाचा डबा घेऊन आली — रोजच आणायची ती, वाडीपासनं चालत, भात गरम ऱ्हावा म्हणून फडक्यात गुंडाळून — तर मी म्हणलं, तुजा मोबाईल दे. तिनं दिला. काय म्हणून विचारलंबी न्हाई. म्या खिशात घातला, तिला भाईर कट्ट्यावर बसवली, आन एक तीसला, मोबाईल माज्या खिशात असताना, दोगी उठल्या. आता कुणाला वाटंल, संपलं, पोरगी निर्दोष. पण मी काय दूधखुळा न्हाई. म्हंजे दुसरा मोबाईल हाय. न्हाईतर कुणी साथीदार हाय. त्या दिवसापासनं तिला सांगितलं, डबा भाईरच ठेवायचा, आत पाय टाकायचा न्हाई. ती भाईर ठेवून जायची. भात तेवढाच गरम असायचा.

एक बारा झाले. पट्टी अर्ध्याच्या वर गेली.

आता त्या दिवसाचं सांगतो, पत्रात लिवलंय ते. त्या दिवशी डबाच बंद. दोगीच न्हाई, सगळा डबा मेलेला, वायरच निघालेली मागनं. आता वायर कशी निघाली, तर निघती कदी कदी, उंदीर असत्यात. तीनला वर पाणी चढायचं ते चढलं न्हाई, निरोप धाडणारी बंद म्हणून कुणाला कळलंबी न्हाई. मला वाटलं, आता कुणीतरी पळत यील, रोहिदास, पाणी न्हाई, तुजं मशीन उठव म्हणंल. मी हितंच बसलो व्हतो. चार वाजले, पाच वाजले, कुणी आलं न्हाई. वरच्या धनगरवाड्याची टाकी कोरडी. संध्याकाळी मेंढरं आली, हौदात पाणी न्हाई. मंग तितली म्हातारी फुलाबाई हंडा घेऊन खालच्या झऱ्यावर गेली. तीन वर्सांत त्या वाटंनं कुणी गेलं नव्हतं, धोंडे सुटलेले. पाय सरकला, मनगट मोडलं म्हातारीचं. ते कळलं तवा म्या पिशवीतनं वायर काढून — जेवणाच्या डब्याखाली ठेवली व्हती ना मी — लावली आन...

...

व्हय. बोललो मी. आता परत गिळता येत न्हाई. म्याच काढली व्हती, साहेब. एकला दहा कमी असताना काढली आन तिच्याच फडक्यात गुंडाळून पिशवीत जेवणाच्या डब्याखाली ठेवली. चोराला पकडायला काढली, असं मी मला सांगत व्हतो. आन मंग कमिटी बसली, सगळ्या वाड्यांची माणसं, फुलाबाईचा पोरगा लाल डोळ्यानं उभा. आप्पांनी विचारलं, रोहिदास, काय झालं? म्या सगळ्यांदेखत म्हणलं, सुनेला पासवर्ड दिला व्हता, तिनं मोबाईलवरनं कायतरी केलं. धनश्री तितंच भिंतीला टेकून उभी व्हती. तिनं माज्याकडं बगितलं. मामंजी खोटं बोलत्यात असंसुदिक म्हणली न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून सारोळ्याला माहेरी गेली. तीन आठवडं झालं. माऊली माज्याशी बोलत न्हाई, पाळीवरनं येतो, तोंड फिरवून झोपतो. पारूबाईचे गुडघे धरलेत, तीच कशीतरी थापती भाकरी.

आन तरी — हे ऐका, म्हणून तर पत्र लिवलं — ती तिकडं सारोळ्याला आन हितं मशीनं तरी उठत्यात. रोज. एक तीसला. मंग कोण हाय? कुणाला ठेवून गेली ती माज्यावर नजर ठेवायला? तुमाला म्हणून बोलवलं. न्हाईतर तुमीच हाय का तो, पुण्यात बसून? कंपनीला माजी जागा काढायचीच असंल तर तोंडावर सांगा. मी काय रडणार न्हाई.

एक वीस. संपली नक्कल. आता बगा, दहा मिनिटं. मी हाताची घडी घालतो. तुमीबी कशाला हात लावू नका.

काय म्हणता? सापडलं? कुठं, त्या काळ्या फाइलीत? हे तर सगळं इंग्रजी... मधी मराठी कशी? माणसासाठी लिवलेली ओळ, मशीन ती वाचत न्हाई, बाकीच्या ओळींपरमाणं आपापलं चालतं. बरं. थांबा, चष्मा — नको, ह्या डोळ्याला आता दिसतं, नवा डोळा हाय. तुमी नका वाचू, मी वाचतो. तारीख... ही तर मी घरी व्हतो तवाची. सातवा दिवस. "नक्कल... पूर्ण झाली की... आधी दहा मिनिटं थांबायचं. मामंजी स्वतः चालू करतील. त्यांनी केलं असेल तर... काही करायचं नाही." काही करायचं न्हाई. "नाही केलं तरच आधी जुनी, तिचं उत्तर आलं की नवी, वहीत आहे तसं. म्हणजे ते... जेवायला घरी आले असतील."

...

मला म्हणली व्हती ती, पुढचं ऐकून तरी घ्या.

म्हंजे ही दहा मिनिटं माजी हाईत. रोज. महिनाभर ती फाइल वाट बगत बसली, रोहिदास उठवतो का, रोहिदास उठवतो का, आन मी हितं हाताची घडी घालून तिच्यावर पहारा करतोय. कुणी न्हाईच. कुणी नव्हतंच. दोरा कुणासाठी बांधला म्या? पीठ कुणासाठी सांडलं?

किती वाजले? एक सव्वीस. अजून चार मिनिटं हाईत का? सरका जरा. सरका म्हणतो ना, किबोर्ड हिकडं घ्या. बोटं विसरली न्हाईत अजून. जुनी... उठ बये. उठतीया. थांबा, उत्तर येऊ द्या तिचं, घाई करायची न्हाई, घाई केली की अडकती. आलं. आता नवी. झालं. दोगी जाग्या, एक अठ्ठावीस. आता तीस वाजू द्या. बोलू नका तुमी. एकोणतीस... तीस. एकतीस. काय झालं? काय न्हाई झालं. गप बसली ती. तिनं सांगितलं तशी गप बसली.

लिवा तुमी. आता लिवा, मगाशी नको म्हणत व्हतो ते लिवा. वायर रोहिदासनं काढली. धनश्रीचं काही न्हाई. फुलाबाईचं मनगट माज्या अंगावर, तिच्या न्हाई. असं लिवा आन खाली मोठी जागा सोडा, मी सही करतो, आन ते कुंडलिक आप्पांना कमिटीत सगळ्यांदेखत वाचून दाखवायला सांगा, जसं मी सगळ्यांदेखत बोललो तसं. मला नोकरीवरनं काढलं तर काढू द्या. वरच्या धनगरवाड्यावर मी माजा जाईन, ते दुसऱ्याच्या हातनं व्हायचं न्हाई. पण ते उद्या. आज न्हाई.

साहेब, एक विचारू? उद्या एकला मी हितं नसलो तर व्हईल ना आपापलं? व्हईल. व्हय, रोजच तर व्हतंय. मीच मूर्खासारका विचारतो. माजी टोपी कुठं गेली, ही बगा, तुमच्या पिशवीखाली. भोरला जायचं, तितनं कापूरव्होळ, तितनं हायवेनं सारोळं. पोचस्तोवर चार वाजत्याल. ती दारात यील का न्हाई ठावं न्हाई. न्हाई आली तर मी भाईर कट्ट्यावर बसंन, म्या तिला बसवली व्हती तसा. काय बोलायचं ते अजून सुचलं न्हाई. पुढचं ऐकायला आलोय, एवढंच म्हणंन.

तुमी उठा आता. चावी ही घ्या, कुलूप लावा आन आप्पांच्या घरी द्या. न्हाई, मला काय समजावू नका, मला येळ न्हाई. एस्टी वळणावर आली बगा, हात करा तिला.